लाल-पांढऱ्या पिना
माझ्या घरातून जुनं काही सहसा बाहेर जात नाही. या रविवारी बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरून उतरवला आणि काडेपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर त्याला जोडला. घाईत लाल-पांढऱ्या पिना ‘फोनो’त खुपसल्या, तर फोनवर लावलेला राग मारवा पत्रा फाटल्यासारखा किंचाळला. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अशक्त सिग्नलची. तिथे तो जवळपास शंभर पट वाढतो, खर्जाला वेगळा खुराक! पिना ‘ऑक्स’मध्ये सरकवल्या आणि तंबोरा थेट छातीत घुमला. लाकडी खोक्यातल्या आठ इंची स्पीकरपुढे आजची प्लास्टिकची डबडी म्हणजे निव्वळ चिवचिवाट. फक्त द्रुत रंगात असताना सोसायटीच्या पाणीकपातीचा मेसेजही त्याच थाटात ‘टिंग’ करून गेला.