डोंगराच्या कुशीतले शहर

थायलंड म्हटले की आपल्याकडच्या सहली बहुधा बँकॉक-पट्टायापाशीच थांबतात. म्हणून हा अंक आम्ही उत्तरेच्या चियांग माईला दिला आहे. राजा मंगराईने १२९६ मध्ये हे शहर वसवले ते दोई सुथेप डोंगर आणि पिंग नदी यांच्या मधल्या सपाटीवर. त्यामुळे एक दिवस देवळांचा, एक निसर्गाचा अशी वाटणी केली, तर दोन्ही अर्धेच कळतात, असे आमचे म्हणणे आहे. शहरातल्या चेदी लुआंग मंदिराच्या विटांच्या स्तूपाचा माथा १५४५ च्या भूकंपात कोसळला. तो आजही तुटकाच आहे. दोई सुथेपवरच्या मंदिराचा रस्ता भिक्षू श्रीविचाई यांच्या हाकेवरून लोकांनी श्रमदानाने बांधला आणि १९३५ मध्ये तो खुला झाला.

चार दिवसांच्या सहलीत एवढा विचार कशाला, असे कुणी म्हणेल. पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वणव्यांचा आणि शेतात जाळलेल्या काडीकचऱ्याचा धूर दाटतो, तेव्हा शहरातून डोंगरही दिसेनासा होतो. रानाचे दुखणे शहराच्या श्वासात उतरते. म्हणून ठिकाणे दोन कमी पाहा, पण त्यांचे नाते जोडून पाहा.