क्लास लावला, कॉलेजचे काय?

दहावीचे मार्क हातात पडले आणि मेहकर, चिखली, लोणारकडची मुले पुन्हा अकोल्याला निघाली. या आठवड्यात जो पालक भेटला त्याने एकच विचारले, ‘नीटसाठी कोणता क्लास लावू?’ रूमचे भाडे आणि मेसचा दर त्यांना तोंडपाठ होता. पोरीला काय आवडते, हे मात्र कुणी सांगू शकले नाही. त्याच वेळी तहसीलच्या आवारात बारावी झालेली मुले नॉन-क्रिमिलेअर दाखल्यासाठी उन्हात उभी होती. दोन वर्षे रात्रंदिवस फिजिक्स घोकले आणि प्रवेशाच्या कॅप राउंडच्या तोंडावर कळले की जात पडताळणीचा अर्जच भरायचा राहिला आहे. दरवर्षी हे पाहून संताप येतो.

क्लास आणि कॉलेजच्या टायअपबद्दल मी इथे अनेकदा लिहिले आहे आणि लिहीतच राहणार. नाव एका कॉलेजात, मूल दुसऱ्या गावात, हजेरी फक्त कागदावर. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत भरायचा असतो, हे ज्या मास्तरांनी सांगायचे त्यांची आणि मुलाची गाठच पडत नाही. निम्म्या गोंधळाचे मूळ इथेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

यापेक्षा वेगळी वाट पाहायची तर आता लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेकडे या. राजू केंद्रे तिथल्या शेतकरी कुटुंबातले. बारावीनंतर ते पुण्याला गेले, पण तिथे टिकता आले नाही. पदवी मुक्त विद्यापीठातून घ्यावी लागली. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था आणि 2021 मध्ये चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडन. त्यांना पुण्यात अडवले ते बुद्धीने नव्हे. कुठे राहायचे, कुणाला विचारायचे, पैसे कसे उभे करायचे, हे सांगणारे घरात कुणी नव्हते. म्हणूनच 2017 मध्ये त्यांनी ‘एकलव्य’ ही संस्था सुरू केली.

क्लास आणि ‘एकलव्य’ यांच्या कामाची रीत शेजारी ठेवून पाहा. क्लास एका परीक्षेची तयारी करून घेतो. 2025 मध्ये 22 लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. बाकीच्यांनी कुठे जायचे, याचे उत्तर क्लासच्या फीमध्ये बसत नाही. बुलडाण्यात 2024 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आले, 100 जागा मिळाल्या, आनंदच आहे. पण त्या जागा आपल्या जिल्ह्यासाठी राखीव नाहीत, हे किती घरांत माहीत आहे?

‘एकलव्य’ची सुरुवात मुलाला समजून घेण्यापासून होते. कशात रस आहे, घरची परिस्थिती काय, हे आधी. मग अझीम प्रेमजी विद्यापीठ, टाटा संस्था अशी ठिकाणे दाखवायची, प्रवेश परीक्षेचा सराव घ्यायचा, अर्जातला निबंध पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचा, मुलाखतीला बसवायचे. अझीम प्रेमजी विद्यापीठात घरची स्थिती पाहून फी माफ होते, हे आपल्याकडच्या कला शाखेच्या मुलाला कोण सांगते? केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आहे. तिचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या सुमारास निघतात आणि आपली मुले निकालानंतर जागी होतात.

मला सगळ्यात मोलाचे वाटते ते प्रवेशानंतरचे काम. पहिल्या सहामाहीत इंग्रजी लेक्चर डोक्यावरून जाते, होस्टेलमध्ये कुणी आपले नसते, घरी फोन करून रडताही येत नाही. तेव्हा त्याच वाटेने गेलेला दादा किंवा ताई फोनवर असली तर पोरगं टिकतं. घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्याला हाच आधार लागतो. ‘एकलव्य’ चालवणारे बरेचजण स्वतः याच वाटेने आलेले आहेत, म्हणून त्यांना तो देता येतो.

हे करायला लाखांची फी लागत नाही. प्रत्येक ज्युनिअर कॉलेजने एका शिक्षकाला हेच काम द्यावे आणि बाहेर शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे नंबर मुलांपर्यंत पोहोचवावेत. मुलींच्या पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी कागद वेळेत लागतात. पोरगी अकरावीला बसली असेल, तर क्लासची पावती फाडण्याआधी कॉलेजात जा आणि जात पडताळणीचा अर्ज मागा.