सही अम्मीची हवी होती

मागच्या वर्षी अम्मीला स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. उपचारांसाठी आम्ही तिला सोलापूरहून मुंबईला आणलं. आधी किमोथेरपी आणि नंतर शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी ठरवलं. पहिल्या किमोच्या आधी एक तरुण संशोधन सहायक आमच्याकडे आला. किमोचा गाठीवर परिणाम होतो आहे की नाही, हे एमआरआयवरून लवकर ओळखता येईल का, याचा अभ्यास तिथे सुरू होता. त्यासाठी नेहमीच्या तपासण्यांखेरीज अम्मीचे तीन जादा एमआरआय करायचे होते. खर्च रुग्णालयाचा. त्याने हे सगळं नीट समजावून सांगितलं, पण मला. मग आठ पानांचा इंग्रजी फॉर्म माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुम्ही वाचून घ्या आणि मॅडमचा अंगठा इथे घ्या."

अम्मी शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली आहे आणि रोज पेपर वाचते.

मी मात्र ते ऐकून गप्प राहिलो. फॉर्म घेऊन बाहेर गेलो आणि मामूंना फोन लावला. मामू म्हणाले, "आजच्या दिवसांत कुठल्याच कागदावर सही करू नको. आपली माहिती कुठे जाईल, सांगता येत नाही." मला उलट वाटत होतं की भाग घ्यावा. वीस मिनिटं आम्ही दोघं पुरुष तिच्या शरीराबद्दल वाद घालत राहिलो. आत आलो तेव्हा अम्मीने एकच विचारलं, "मेरेकू किसीने पूछ्या क्या?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. 'मी सहमत आहे' हे बटण असलेले स्क्रीन बनवणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. लोक न वाचता ते दाबतात, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. त्या दिवशी मी आईच्या बाबतीत तेच करायला निघालो होतो.

चूक त्या सहायकाची होतीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. संमती सहभागी व्यक्तीची, तिला समजणाऱ्या भाषेत, विचार करायला वेळ देऊन घ्यायची. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी त्रयस्थ साक्षीदार हवा. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलं तरी उपचारांवर परिणाम होता कामा नये. पण हे नियम मोडायला आम्ही घरच्यांनीही हातभार लावला. आपल्याकडे आई, बहीण, बायको आजारी पडली की तिचा आजारही घरातल्या पुरुषांच्या ताब्यात जातो. डॉक्टर आमच्याशी बोलतात, आम्ही तिच्यापासून अर्धं लपवतो आणि याला आपण काळजी म्हणतो.

मामूंची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून जे दिवस आपण पाहिले, त्यानंतर अनोळखी फॉर्म पाहून छातीत धस्स होणं स्वाभाविक आहे. संशोधनाच्या नावाखाली संमतीचा खेळ झाल्याची उदाहरणंही आहेत. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा प्रकल्प राबवला गेला. तिथे वसतिगृहांतल्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती, आज ती जगभर दिली जाते. पण एका चुकीच्या सहीने चांगल्या लशीवरचाही विश्वास उडाला.

तरीही दूर राहणं हा उपाय नाही. 1998 पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख महिलांचा एक दीर्घ अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविका ठरावीक काळाने हाताने स्तनांची तपासणी करत. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी होते. महागड्या यंत्राशिवायही जीव वाचू शकतात, हे कळलं ते त्या बायका वर्षानुवर्षं अभ्यासात टिकून राहिल्या म्हणून.

आता प्रतिमा वाचायला संगणकाला शिकवलं जात आहे. माझ्या क्षेत्रातला साधा नियम असा, की संगणक जे पाहतो तेच शिकतो. भारतातल्या बायकांना स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधी होतो. तरुण वयात स्तनांची ऊती दाट असते आणि मॅमोग्राफीत गाठ सहज दिसत नाही. आपल्या बायकांच्या प्रतिमा त्या संग्रहात नसतील, तर उद्याचं यंत्र आपल्याच बायकांच्या बाबतीत जास्त चुकेल. भीतीपोटी बाहेर राहिलो, तर तिची किंमत आपल्याच मुली मोजतील.

पण प्रतिमा म्हणजे नुसता फोटो नव्हे. एमआरआय किंवा सीटी स्कॅनची फाइल डायकॉम नावाच्या पद्धतीने साठवतात. त्या फाइलमध्ये चित्रासोबत रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक असं बरंच काही असतं. संशोधनाला देण्याआधी ते काढावं लागतं. तेवढंही प्रत्येक वेळी पुरत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं, की डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो. त्यांच्या 84 स्वयंसेवकांपैकी 70 जणांचा चेहरा संगणकाने फोटोशी अचूक जुळवला. मामूंची शंका अडाणी नव्हती. तिला उत्तर मिळायला हवं होतं, एवढंच.

आम्ही मराठी फॉर्म मागितला. तो होता, फक्त कुणी काढला नव्हता. अम्मीने तो दोन दिवस नातेवाइकांच्या घरी स्वतः वाचला आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना स्वतः प्रश्न विचारले. एमआरआयमध्ये क्ष-किरण असतात का? नाहीत, तिथे चुंबक असतं. शिरेतून जे औषध देणार, त्याने मूत्रपिंडाला त्रास होईल का? म्हणून आधी रक्त तपासतात. यातून मला बरं वाटेल का? डॉक्टर प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला थेट फायदा होणार नाही, पुढच्या रुग्णांना कदाचित होईल." नाव काढून सांकेतिक क्रमांक देतात, हेही त्यांनी सांगितलं. शेवटचा प्रश्न होता, मशीनवर बाई असेल का? व्यवस्था झाली.

अम्मीने अभ्यासाला होकार दिला. प्रतिमा कंपन्यांना देण्याच्या रकान्यात मात्र 'नाही' लिहिलं. मी असतो तर दोन्हीकडे 'हो' म्हटलं असतं, मामूंनी दोन्हीकडे 'नाही'. सही तिने पूर्ण नावाने केली. नंतर म्हणाली, "हा माझा सदका-ए-जारिया." आणि त्यांच्याकडे दिलेल्या फोटोंसाठी तिने शब्द वापरला, अमानत. गोपनीयतेबद्दल मी आजवर ऐकलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा तो शब्द मला नेमका वाटला. अमानत ज्याच्याकडे ठेवली, तो तिचा मालक होत नाही.

आपल्या चळवळीने यात काम करावं, असं मला वाटतं. आपले कार्यकर्ते रुग्णालयांत जेवण पोचवतात, रक्तदान शिबिरं घेतात, ऑपरेशनसाठी पैसे जमवतात. त्यात फॉर्म वाचून समजावणाऱ्या दोन-चार मुलामुलींची भर घालायला फार खर्च नाही. त्यांनी रुग्णाला होकार किंवा नकार शिकवू नये, प्रश्न शिकवावेत. हा उपचार आहे की अभ्यास? नैतिकता समितीची मंजुरी आहे का, आणि तिथला फोन नंबर कुठे आहे? जादा तपासणीचा धोका काय, इजा झाली तर खर्च कोण करणार? माझी प्रतिमा कुणाकडे जाईल? मध्येच नाही म्हणता येईल ना? आणि रुग्णालयांकडे आपण मागावं, की मराठी, उर्दू, हिंदी फॉर्म कपाटात नको, टेबलावर ठेवा.

सुरुवात मात्र घरातून करावी लागेल. पुढच्या वेळी कुणी फॉर्म आपल्या हातात दिला, तर तो आधी तिच्या हातात द्या. चष्मा लागत असेल तर तोही द्या.