कुऱ्हाड हातातली आणि फेकलेली

माझे वडील बडोद्याच्या दरबारी कलावंत कारखान्यात गायक होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार गेला, तंबोरा आणि शिकवण्या तेवढ्या माझ्या वाट्याला आल्या. दर रविवारी शिकवणी आटोपली की दांडिया बाजारातल्या आमच्या त्याच बैठकीवर चार शिष्य वीस बाजूंचे फासे काढून बसतात. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या जुन्या घरांतून त्याकडे पाहून नाके मुरडली जातात. माझे मत निराळे आहे, आणि ते मी एक चूक करून मिळवले आहे.

या खेळात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि एकाने सूत्रधार व्हायचे. ते काम माझ्या गळ्यात पडले. वार करणाऱ्याने फासा टाकायचा, त्यात आपल्या बळाचे किंवा चापल्याचे आणि सरावाचे अंक मिळवायचे. बेरीज समोरच्याच्या संरक्षणाच्या अंकाइतकी वा अधिक झाली की वार लागला. साखळीच्या चिलखताचा हा अंक १६.

एका रविवारी एका मुलीच्या रानटी योद्ध्याने आवेशात येऊन कुऱ्हाड फेकली. आवेशात असताना इजेचे दोन अंक जादा मिळतात. मी ते दिले, आणि नेमक्या त्या दोन अंकांनी राक्षस पडला. कोपऱ्यातला एक अबोल मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, फेकलेल्या कुऱ्हाडीला ते दोन मिळत नाहीत." मी म्हणालो, "कुऱ्हाड ती कुऱ्हाड! पुढे चला." खेळ पुढे चालला. तो मुलगा मात्र पुढचे दोन रविवार खेळायला आला नाही, आणि गायलाही आला नाही.

तेव्हा मी पुस्तक उघडले. आमचे पुस्तक २०१४ सालचे. त्यात शस्त्राची जात निराळी आणि वाराची जात निराळी. हातकुऱ्हाड हे हातघाईचे शस्त्र खरे. पण ती फेकली की वार दुरून केलेला ठरतो. शस्त्र हातघाईचे, म्हणून बळाचे अंक मिळतात. वार दुरून केलेला, म्हणून शत्रू पाच फुटांवर असेल तर दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. आणि आवेशाचे जादा अंक फक्त हातघाईच्या वाराला. मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. २०२४च्या सुधारित पुस्तकात बळाने केलेल्या फेकीलाही ते अंक दिले आहेत; पण आमच्यापुढे ते पुस्तक नव्हते, आणि मी तर कोणतेच वाचले नव्हते.

काहींना हा कीस वाटेल. आपल्याला तरी तो वाटू नये. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाने यंत्रमुक्त आणि पाणिमुक्त, म्हणजे यंत्रातून सुटणारे आणि हाताने फेकायचे, असे भेद केव्हाच केले आहेत. भूप आणि देसकार यांचे पाच स्वर तेच. वादी गंधार की धैवत, यावर राग ठरतो. देसकारात गंधारावर रेंगाळणाऱ्या शिष्याला 'स्वर तेच आहेत, चालू दे' असे मी कधी म्हणालो आहे काय?

आमच्या घरी गुरूचा शब्द शेवटचा मानत. त्यात पुष्कळ चांगले होते. पण लिहिलेला नियम धाकट्याला थोरल्यापुढे बोलण्याचा हक्क देतो, आणि थोरल्यालाही हट्ट सोडायला एक सभ्य वाट देतो. मुलांनी हा खेळ खेळावा असे मला वाटते, ते एवढ्यासाठी.

मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या आईदेखत चूक कबूल केली. तो काहीच बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र सर्वांच्या आधी आला, तंबोरा काढला आणि जुळवू लागला. जोडीच्या तारा त्या दिवशी किंचित उतरलेल्या होत्या. "गुरुजी, जोड बघता?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "तूच सांग."