न पाहणाऱ्यांचा कौल

एप्रिल 2025 मध्ये हॉलिवूडच्या अकॅडमीने एक नियम जाहीर केला. ऑस्करच्या अंतिम फेरीत ज्या विभागासाठी मत द्यायचे, त्या विभागात नामांकन मिळालेले सगळे चित्रपट सभासदाने पाहिलेले असलेच पाहिजेत. नसतील तर त्या विभागात त्याला मत नाही. आमच्याकडे ही बातमी आतल्या पानांवर आली आणि दुसऱ्या दिवशी विसरली गेली. ती विसरण्याजोगी नव्हती. 1929 पासून तोवर 97 सोहळे पार पडले होते. जगातला सर्वश्रेष्ठ नट कोण आणि सर्वश्रेष्ठ नटी कोण, हे या सोहळ्यांनी कोट्यवधी लोकांना छातीठोकपणे सांगितले. आणि अभिनयाच्या विभागांत मत देणाऱ्यांवर ते पाचही अभिनय पाहण्याचे बंधन नव्हते! साक्षी न ऐकता निकाल वाचणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हणू? त्याला खुर्चीवरून खाली खेचू. इथे मात्र त्याच निकालांपुढे जग माना तुकवत आले.

हा नियम आला म्हणून अकॅडमीचे अभिनंदन करावे असे आम्हांला मुळीच वाटत नाही. चित्रपट पाहून मत द्या, हे सांगायला ज्या संस्थेला शतक लागते, तिला अभिनय या कलेविषयी किती आस्था आहे, याचा हा कबुलीजबाब आहे. आणि सक्तीने चित्रपट सुरू करता येतो; पाहण्याची नजर सक्तीने येत नाही. आमची खरी फिर्याद त्या नजरेविषयी आहे.

पडद्यावरचा अभिनय म्हणजे काय? रंगमंचावरच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो, हात उचलला तर तो बाल्कनीतून दिसावा लागतो. कॅमेरा नटाच्या पापणीपाशी येऊन उभा राहतो. तिथे विचार दिसतो, लपवलेले दिसते, खोटे तर सर्वांत आधी दिसते. म्हणून पडद्यावरच्या नटाची कसोटी तो बोलतो तेव्हा लागते त्याहून अधिक तो ऐकतो तेव्हा लागते. मराठी प्रेक्षकाला हे शिकवायला नको. ‘सामना’त डॉक्टर लागू बोलत असताना निळू फुल्यांचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्या चेहऱ्यावरचा संशय, मग्रुरी आणि आत कुठेतरी सरकलेली भीती ज्याने टिपली आहे, त्याला अभिनयाची व्याख्या दुसऱ्या कुणाकडून उसनी आणण्याची गरज नाही.

आता ‘द गॉडफादर’चा 1974 साली आलेला दुसरा भाग आठवा. हवानातल्या तमाशाघरातला प्रसंग. नायक मायकेलचा थोरला भाऊ फ्रेडो दारूच्या धुंदीत, गप्पांच्या ओघात बोलून जातो की ही जागा आपल्याला कुणी दाखवली. ज्या माणसाला आपण कधी भेटलोच नाही असे त्याने आधी भासवले होते, त्याचेच नाव तोंडून निघते. मागे अंधारात मायकेल बसला आहे. अल पचिनो एक शब्द बोलत नाही, हात हलवत नाही. पण घात सख्ख्या भावानेच केला हे त्या चेहऱ्यावर उतरताना आपण पाहतो आणि त्याच क्षणी भावाच्या मरणाचा निर्णयही तिथेच पाहतो. चित्रपटकलेच्या इतिहासात ऐकण्याचा असा अभिनय फार थोड्यांनी केला असेल. पचिनोला त्या वर्षी नामांकन मिळाले, पुरस्कार मिळाला नाही.

आणि समोर फ्रेडो होता जॉन कझाल! या नटाने आयुष्यात पाच कथापट केले: गॉडफादरचे दोन भाग, ‘द कॉन्व्हर्सेशन’, ‘डॉग डे आफ्टरनून’ आणि ‘द डीअर हंटर’. पाचही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले, तिघांनी तो पुरस्कार पटकावला. 1978 मध्ये कर्करोगाने तो गेला. त्याला एकदाही नामांकन मिळाले नाही. गॉडफादरच्या दुसऱ्या भागातल्या तीन नटांची नावे साहाय्यक अभिनेत्याच्या यादीत होती, त्यांत फ्रेडो नव्हता. दुबळेपणा, भावाविषयीचा मत्सर, भावावरचे प्रेम, हे सगळे एकाच ओशाळ्या हसण्यात आणणारा नट मतदारांच्या डोळ्यांसमोर पाच वेळा येऊन गेला आणि त्यांना दिसला नाही. कारण तो ओरडला नाही, त्याने नाक बदलले नाही.

पचिनोला अखेर पुरस्कार मिळाला तो 1993 मध्ये, ‘सेंट ऑफ अ वूमन’साठी. अंध, निवृत्त लष्करी अधिकारी. गर्जना, डरकाळ्या आणि शेवटी भरसभेत टाळ्याखाऊ भाषण. पचिनोच्या ताकदीवर आमचा आक्षेप नाही. आक्षेप हा, की ज्यांनी मायकेलचे मौन नाकारले त्यांनीच ही गर्जना उचलून धरली. आणि ती कोणत्या वर्षी? डेन्झेल वॉशिंग्टनने ‘माल्कम एक्स’ उभा केला त्याच वर्षी! मग वॉशिंग्टनचे देणे राहिले. ते नऊ वर्षांनी ‘ट्रेनिंग डे’साठी फेडले गेले. पॉल न्यूमनलाही उमेदीच्या वर्षांतल्या कामासाठी डावलले आणि ‘द कलर ऑफ मनी’साठी उशिरा दिले. एका वर्षीचा अन्याय झाकायला दुसऱ्या वर्षी दुसऱ्यावर अन्याय, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. पीटर ओटूलचे तर आठ नामांकनांनंतरही ते देणे स्पर्धेतून फिटले नाही. त्याच्या हाती सन्मानाचा पुतळा देऊन बोळवण केली. चार्ली चॅप्लिनला अभिनयाचे ऑस्कर कधीच मिळाले नाही, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि मग या पुरस्काराला अभिनयाचा मानदंड म्हणा.

आरडाओरडा का जिंकतो याचे उत्तर सोहळ्यातच आहे. नाव पुकारताना त्या कामाचा काही सेकंदांचा तुकडा दाखवतात. त्या तुकड्यात रडणे मावते, कोसळणे मावते, टेबलावर मूठ आपटणे मावते. दोन तास हळूहळू साचत गेलेली शांतता कुठल्या तुकड्यात मावणार? मतदार वर्षभर हेच तुकडे जाहिरातींत पाहतो आणि त्यालाच अभिनय समजून बसतो.

जी गोष्ट ओरडण्याची, तीच श्रमाच्या प्रदर्शनाची. अभिनय दिसला नाही तरी कष्ट दिसले पाहिजेत! ‘रेजिंग बुल’साठी रॉबर्ट डी नीरोने सुमारे 27 किलो वजन वाढवले. डी नीरो त्या चित्रपटात महान आहे, पण तो त्या वजनामुळे महान नाही. धडा मात्र वजनाचा घेतला गेला. तेव्हापासून किलो मोजायचे, रंगभूषेचे तास मोजायचे, नट किती थंडीत कुडकुडला आणि त्याने कच्चे काळीज खाल्ले का, हे छापून आणायचे. निकोल किडमनचे कृत्रिम नाक, गॅरी ओल्डमनचा कृत्रिम चर्चिल, ब्रेंडन फ्रेझरचे कृत्रिम देहमान. हे सगळे गुणी कलावंत आहेत. पण रंगभूषेसाठी स्वतंत्र पुरस्कार असताना तिचे श्रेय अभिनयाच्या खात्यावर कशाला?

याच रोगाचा दुसरा अवतार म्हणजे चरित्रपट. हॉकिंग झालेला एडी रेडमेन, चर्चिल झालेला ओल्डमन, फ्रेडी मर्क्युरी झालेला रामी मालेक, ज्युडी गार्लंड झालेली रेने झेल्वेगर: पुरस्कार, पुरस्कार, पुरस्कार आणि पुरस्कार. कारण उघड आहे. मूळ माणसाची चित्रफीत उपलब्ध असते. शेजारी शेजारी ठेवून तपासता येते. पेपर तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तरपत्रिका आयतीच आली! लेखकाने कल्पिलेल्या माणसाला मूळच नसते. त्याची चाल, त्याचा श्वास, त्याची लाज नटाला शून्यातून निर्माण करावी लागते. तिथे परीक्षकालाही स्वतःचे डोके चालवावे लागते आणि तेच नकोसे होते.

मग येते उघड लबाडी. मुख्य भूमिका कोणती आणि साहाय्यक कोणती हे ठरते कुठे? अकॅडमीच्या नियमानुसार मतदार ठरवतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा स्टुडिओचा प्रचारविभाग ठरवतो आणि मतदार मुकाट्याने मानतो. ‘कॅरल’मध्ये रूनी माराच्या डोळ्यांतून अर्धी कथा उलगडते, त्या कामासाठी 2015 मध्ये कान महोत्सवाने तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराची मानकरी केले. ऑस्करला तीच भूमिका साहाय्यक! का? दुसरी नायिका केट ब्लँचेट मुख्य विभागात होती आणि एकाच चित्रपटाची मते फुटू नयेत. ‘फेन्सेस’मधल्या ज्या भूमिकेसाठी व्हायोला डेव्हिसला ब्रॉडवेवर मुख्य अभिनेत्रीचा टोनी पुरस्कार मिळाला होता, तीच पडद्यावर आली तेव्हा साहाय्यक झाली. आणि ‘जूडास अँड द ब्लॅक मसायाह’? शीर्षकात दोन माणसे. 2021 मध्ये त्या दोघांनाही, डॅनियल कलुया आणि लकीथ स्टॅनफील्ड या दोघांनाही, साहाय्यक अभिनेत्याचे नामांकन! मग त्या चित्रपटाचा नायक कोण होता? या प्रश्नाचे उत्तर अकॅडमीने आजतागायत दिलेले नाही. या चोरीचा माल कुणाच्या घरातून जातो तेही पाहा. चार प्रसंगांत येऊन अख्खा चित्रपट तोलून धरणाऱ्या चरित्रनटासाठी ही जागा निर्माण झाली होती. तिथे नायक घुसले आणि चरित्रनट रस्त्यावर आला.

आणि कोणते चेहरे या नजरेला दिसतच नाहीत? 2020 मध्ये कोरियाच्या ‘पॅरासाइट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर जिंकले. अभिनयाचे एकही नामांकन नाही. बागेतल्या त्या वाढदिवशी श्रीमंत मालक दुर्गंधीने नाक दाबतो, आणि साँग कांग-होच्या चेहऱ्यावर जन्मभराचा अपमान एका क्षणात पेटतो. तो क्षण कुणी पाहिला नाही? ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला 2009 मध्ये आठ ऑस्कर. इरफानसह बहुतेक ताफा आपला, काही पोरे तर आपल्या मुंबईच्या वस्त्यांतली. अभिनयाचे नामांकन शून्य. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने मात्र या दोन्ही चित्रपटांच्या नटसंचाला आपला सर्वोच्च सांघिक पुरस्कार दिला होता. म्हणजे दिसत होते, ज्यांना पाहायचे होते त्यांना. ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाले, त्यांत आपल्या भानू अथैयांच्या वेशभूषेचा वाटा होता याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच चित्रपटात रोहिणी हट्टंगडींनी तरुणपणापासून अखेरपर्यंतची कस्तुरबा साकारली. ब्रिटिश अकॅडमीने त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. हॉलिवूडच्या यादीत त्यांचे नावही नव्हते. परभाषेतल्या अभिनयाला ऑस्कर कधी मिळालेच नाही असे नाही. सोफिया लॉरेन, बेनिन्यी, कोतियार ही नावे आहेत. पण युरोपाबाहेरची नावे मोजकीच!

1999 ची रात्र आम्ही विसरणार नाही. ब्राझीलच्या फर्नांडा मॉन्टेनेग्रो ‘सेंट्रल स्टेशन’साठी नामांकित होत्या. रिओच्या रेल्वे स्थानकावर निरक्षरांची पत्रे लिहून देणारी, आणि ती न टाकणारी, कोरडी पडलेली बाई. माणसे येतात, आपले काळीज तिच्यासमोर रिकामे करतात आणि ती ऐकते. आधी तुच्छतेने ऐकते. शेवटी बसमध्ये बसून स्वतःचे पत्र लिहिते तेव्हा ती आपल्याला ऐकायला शिकलेली दिसते. पुरस्कार ‘शेक्सपियर इन लव्ह’च्या ग्विनेथ पॅल्ट्रोला गेला. त्या चित्रपटामागे मिरामॅक्स होती आणि मिरामॅक्समागे हार्वी वाइनस्टीन; जाहिराती, मेजवान्या, खासगी खेळ, दूरध्वनी यांचा असा मारा हॉलिवूडनेही तोवर क्वचितच पाहिला होता. हा मनुष्य पुढे लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत दोषी ठरून तुरुंगात गेला. त्याने घालून दिलेली प्रचाराची पद्धत मात्र बाहेर मोकळी फिरते आहे.

त्या पद्धतीची झळ आपण सोसलेली आहे. 2004 मध्ये संदीप सावंत यांचा ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला गेला. कोकणातला आजोबा, दृष्टी जाणार असलेला नातू, आणि शस्त्रक्रियेआधी त्याला डोळे भरून जग दाखवण्याची आजोबांची धडपड. अरुण नलावडे यांच्या त्या आजोबांनी महाराष्ट्राला रडवले, पण स्वतः किती कमी रडले! चित्रपट निवडला गेला आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. अमेरिकेत खेळ लावायला, जाहिराती द्यायला, मतदारांपर्यंत पोहोचायला पैसा हवा. मराठी माणसांनी मदत गोळा केली, आपल्या खिशातून दिली. कशासाठी? आपले काम ज्यांनी पाहावे अशी अपेक्षा, त्यांनी ते पाहावे म्हणून! अंतिम पाचांत ‘श्वास’ आला नाही. 2015 मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ गेला, तोही आला नाही. ‘कोर्ट’मधली गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील आठवा. न्यायालयात कलमे यांत्रिकपणे वाचणारी आणि घरी स्वयंपाकाला लागणारी ती साधी बाई. एका माणसाचे आयुष्य आपण मोडतो आहोत याची तिला जाणीवही नाही. आवाज चढत नाही, अश्रू येत नाहीत. ज्या दशकात रंगभूषेच्या थरांना अभिनयाचे पुरस्कार मिळाले, त्याच दशकातले हे काम आहे.

अकॅडमीने आता नियम केलाच आहे तर पुढचेही करावेत. भूमिकेचा विभाग स्टुडिओच्या जाहिरातीने ठरता कामा नये. नटांच्या शाखेने चित्रपट पाहून तो ठरवावा आणि आपला निर्णय उघडपणे सांगावा. प्रत्येक स्टुडिओने प्रत्येक नटाच्या प्रचारावर केलेला खर्च जाहीर व्हावा आणि त्याला मर्यादा असावी. आणि आमच्या मराठी वृत्तपत्रांना, वाहिन्यांना आमचे जाहीर सांगणे आहे. दर मार्चमध्ये त्या सोनेरी पुतळ्याचे छायाचित्र तुम्ही पहिल्या पानावर छापता आणि खाली ‘सर्वश्रेष्ठ’ असा मथळा देता. यापुढे छापायचेच असेल तर त्या छायाचित्राखाली त्या नटाच्या प्रचारावर किती पैसा ओतला गेला तो आकडाही छापा. आणि तो आकडा मिळत नसेल, तर तो दिला जात नाही, हे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.