भाड्याचा आकडा आणि भिंतीची ओल



मागच्या रविवारी आमच्या वस्तीतले एक निवृत्त सफाई कामगार कागदांची पिशवी घेऊन घरी आले. त्यांची लेक नर्स आहे. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयात तिला नोकरी लागली. जावई आणि चार वर्षांची नातही बरोबर जाणार. एका दलालाने मोबाईलवर घराचे फोटो पाठवले होते आणि सहा महिन्यांचे भाडे इथूनच आगाऊ पाठवा, असे कळवले होते. "भाऊ, फंडाचे पैसे बँकेत आहेत. पाठवू का?" असे त्यांनी विचारले.

मी म्हटले, "आधी हिशेब करू. पैसे नंतर."

कागदांत दोन घरे होती. एकाचे भाडे आठवड्याला ३०० पौंड, दुसऱ्याचे महिन्याला १,२५० पौंड. जावयाने ३०० ला ४ ने गुणले, १,२०० आले आणि पहिले घर स्वस्त ठरवून टाकले. पण वर्षात ४८ नव्हे, ५२ आठवडे असतात. ३०० गुणिले ५२ म्हणजे १५,६००. त्याला १२ ने भागा. महिन्याला १,३०० पौंड. म्हणजे स्वस्त वाटलेले घरच महाग.

भाड्यावर खर्च संपत नाही. तिथे कौन्सिल टॅक्स म्हणून नगरपालिकेचा कर असतो, तो बहुधा भाडेकरूच भरतो. इंग्लंडमध्ये त्याचे ए ते एच असे टप्पे आहेत. घर कोणत्या टप्प्यात आहे, हे आधी विचारावे. गॅस, वीज, पाणी वेगळे. घराला ऊर्जेचा दाखला असतो, त्यावर ए ते जी अशी श्रेणी असते. श्रेणी जितकी खालची तितके घर थंड आणि हीटरचे बिल मोठे. रात्रपाळी सुटल्यावर बस मिळते का, हेही पाहावे. चार वर्षे पूर्ण झालेले मूल तिथे पुढच्या सप्टेंबरात शाळेत जाते आणि प्रवेश देताना पुष्कळ शाळा घरापासूनचे अंतर पाहतात. म्हणून घर शोधताना शाळाही शोधावी.

आता कायदा. खाली सांगतो तो इंग्लंडचा आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत. २०१९ च्या कायद्याप्रमाणे, वर्षाचे भाडे ५०,००० पौंडांच्या आत असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. घर राखून ठेवण्याची टोकन रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापुरतीच. घर दाखवण्याचे किंवा कागद करण्याचे पैसे दलालाला भाडेकरूकडून घेता येत नाहीत. अनामत ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते आणि त्याचा कागद भाडेकरूला द्यावा लागतो. तो मागून घ्यावा.

नव्याने गेलेल्या माणसाची तिथे पत नसते, ओळखीचा जामीनही नसतो. म्हणून सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागण्याची रीत पडली होती. २०२५ च्या नव्या कायद्याने तिला आळा घातला. १ मे २०२६ पासूनच्या नियमाप्रमाणे करारावर सही होण्यापूर्वी भाडे मागता येत नाही आणि सही झाल्यावरही भाडेकरार सुरू होण्याआधी एका महिन्याहून जास्त मागता येत नाही. घरमालक व्हिसा तपासतो, त्यात मात्र अपमान मानू नये. इंग्लंडमध्ये ती तपासणी त्याला करावीच लागते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फोटोत दिसत नाही. ती म्हणजे भिंतीची ओल. रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये आवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. सुदानहून आलेल्या कुटुंबाचे ते लेकरू. घरात बुरशी होती, बापाने तक्रारी केल्या होत्या. घर देणाऱ्या संस्थेने या लोकांची राहणीच तशी, असे धरून चालले. घरातल्या बुरशीमुळेच मूल गेले, असा निर्णय २०२२ मध्ये चौकशीत झाला. राहणीबद्दल धरून चाललो ते चुकले, असे संस्थेनेही कबूल केले. त्या मुलाच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक संस्थांच्या घरांना लागू झाला.

आपल्याकडे भात शिजतो, फोडणी बसते, कपडे घरात वाळतात. वाफ होते हे खरे. खिडकी उघडावी, पंखा लावावा. पण गळणारी भिंत हा भाडेकरूचा दोष नव्हे. म्हणून घर प्रत्यक्ष पाहताना कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात, न्हाणीच्या छताला हात लावून बघावा. ताजा रंग दिसला तर कशासाठी दिला, असे विचारावे. राहायला जाताना प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत. तक्रार तोंडी करू नये, लेखी करावी. मालक दाद देत नसेल तर कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे जाता येते.

हे सगळे ऐकून ते गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे पोरीने एकटीने पुढे जायचं? नात महिनाभर आईवाचून राहील?"

प्रश्न बरोबर होता. त्याला हिशेबात उत्तर नाही. मी एवढेच म्हणालो, "रुग्णालय सुरुवातीला राहायची सोय करते का, ते आधी लेकीला विचारू द्या. तिने घर डोळ्यांनी पाहावे, भिंतीला हात लावावा, मग बाकीच्यांनी जावे. महिनाभराचा विरह निघून जातो. ओल्या घरातला मुलीचा खोकला लवकर निघत नाही."

संध्याकाळी लेकीचाच फोन आला. तिने रुग्णालयाला पत्र लिहिले होते. फंडाचे पैसे अजून बँकेतच आहेत.