येर म्हणजे पाणी



कचारगडाच्या पायथ्याला एका टोल्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे. खोल्या दोन. एकीचं छप्पर गळतं म्हणून तिला कुलूप. दुसरीत पहिली ते चौथी, सतरा पोट्टे, एक गुरुजी, खिचडीच्या तांदळाची पोती आणि कुण्या एका कंपनीनं फोटो काढून दिलेला टीव्ही. टोल्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर गुरुजीला नोटीस निघेल, छप्पर तसंच राहील.

ह्याच शाळेत मी शिकलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. टोल्यावर गोंडांची घरं जास्त, आमची महारांची सात. तेव्हा एक मास्तर होते. प्यायच्या पाण्याचा माठ खोलीच्या कोपऱ्यात, आणि आम्हा सात घरच्या पोरांना पाणी वरून ओंजळीत. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायची असते हेच माहीत नव्हतं.

तर माझ्या तरटपट्टीवर एक गोंडाचा पोरगा बसायचा. पहिल्या की दुसऱ्या दिवशी त्याला तहान लागली. उठला आणि म्हणाला, ''येर.''

मास्तरांना वाटलं, पोट्टं आपल्याला 'ये रे' म्हणून हाक मारतंय.

''मले ये रे म्हणतं बे? तुह्या बापाचा चाकर हाओ काय मी?''

कानाखाली काढली. वर्ग हसला. आणि ऐका, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तोवर सगळे आम्हाला हसत होते. आता आमच्याही खाली कुणी तरी सापडलं होतं! बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती मी पुस्तकात फार उशिरा वाचली. केली मात्र वयाच्या सहाव्या वर्षी.

गोंडीत येर म्हणजे पाणी. हे मला कळलं तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं.

१९२७ च्या २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, हे आपण दरसाल सांगतो. त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले, हे कुणी सांगत नाही. शाळेत शंभर पोरं शिरतात तेव्हा चौथीपर्यंत अठराच पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरात जमा होतात, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे ठेवला होता. तळं आणि शाळा एकाच महिन्यातली. आपण तळ्याची जयंती धरली आणि शाळा शिक्षणाधिकाऱ्यावर सोडून दिली.

माझा तो जोडीदार त्या ब्याऐंशीतला. चौथी कशीबशी झाली. पाचवी सात किलोमीटरवर, मधी जंगल. मला मामानं गोंदियाला नेलं. त्याला बापानं ढोरांमागं धाडलं. आज त्याचा नातू त्याच शाळेत दुसरीत आहे आणि तो शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. सही करतो, हळूहळू, पण करतो. मधी एकदा तो माझ्या दारात एक कागद घेऊन उभा राहिला.

''वाचून सांगा जी. शाळा नेऊन रायले म्हन्तेत.''

कागदात 'समायोजन' हा शब्द होता. पट वीसच्या आत, म्हणून पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत सामावून घ्यायचा विचार. साध्या मराठीत कुलूप.

हे एकट्या आमच्या टोल्याचं दुखणं नाही. वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळा महाराष्ट्रात १४,७८३, त्यात शिकणारी पोरं १ लाख ८५ हजारांवर, असा सरकारचाच आकडा आहे. २०२२ मध्ये ही यादी मागवली. २०२३ मध्ये 'समूह शाळा' असं गोंडस नाव निघालं. लहान शाळा मोडून एक मोठी करू, तिथं ग्रंथालय देऊ, खेळाचं साहित्य देऊ, पोरं गाडीनं आणू. कागदावर वाचायला गोड आहे. ज्या टोल्यावर पावसाळ्यात मोटारसायकल नेता येत नाही तिथं गाडी कुठून येणार, हे कागदात नाही. आणि गाडी चार दिवस आली नाही तर पहिल्यांदा घरी कोण बसतं? पोरगी.

आता पट कमी का झाला ते ऐका. लोकांनी पोरं जन्माला घालायचं सोडलं नाही. शाळा चौथीत संपते. पुढं पाचवी नाही. म्हणून शहाणा बाप पोराला पहिलीपासूनच आश्रमशाळेत टाकतो, निदान दहावीपर्यंतची चिंता मिटली. त्या आश्रमशाळांत पोरं इतकी मेली की डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली, तिचा अहवाल २०१६ चा. तरी बाप टाकतो, कारण टोल्यावर एकच गुरुजी. तो खिचडीचा हिशेब लिहितो, मोबाईलवर माहिती भरतो, मतदार यादी करतो, उरलेल्या वेळात चार वर्ग शिकवतो. म्हणजे बघा, शाळा तोडकी ठेवायची, तोडकी म्हणून पोरं जातात, पोरं गेली म्हणून शाळा तोडायची. हा अपघात नव्हे, ही पद्धत आहे.

आणि शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो? २००९ चा कायदा, आपण त्याची पानं उलटलीत? साठपर्यंत पोरं असली तरी दोन शिक्षक. सतराला दोन, दहालाही दोन. शिक्षकागणिक एक खोली. पोरापोरींची वेगळी मुतारी, पाणी, सैपाकाची खोली, मैदान, कुंपण, ग्रंथालय. पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंत तीनच्या आत. कलम २९ मध्ये लिहिलंय की शक्य असेल तोवर पोराच्या मायबोलीतून शिकवा. राज्यघटनेत १९५६ पासून ३५० क आहे, तेही भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मायबोलीतून द्या असंच सांगतं. पट वीसच्या आत आला म्हणून चालती शाळा मोडा, असं ह्या कायद्यात कुठंही नाही. ते हिशेबनिसाच्या डोक्यातून आलंय.

आता कचारगडाकडे वळतो. माघ पुनवेला दरेकसा स्टेशनवर उतरणारी गर्दी पाहिली नसेल तर एकदा पाहा. मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, चारी दिशांनी गोंड येतात. पिवळे फेटे, पिवळी लुगडी. ''सेवा जोहार'' करत धनेगावावरून गड चढतात. गडावर प्रचंड गुहा आहे. गोंडांची कथा अशी : काली कंकालीची तेहतीस पोरं शंभूनं ह्या गुहेत कोंडली आणि तोंडावर धोंडा लावला. जंगो रायताडनं त्यांच्यासाठी धडपड केली. हिरासुका पाटालीर नावाचा वादक गुहेबाहेर वाजवत बसला. त्याच्या वाजवण्यानं आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी धोंडा ढकलला. धोंडा घरंगळला आणि त्याच्याखाली वादक मेला. मग पारी कुपार लिंगोनं त्या पोरांना शिकवलं. गोंडांचा धर्म तिथून सुरू होतो, कोंडलेल्या पोरांच्या शाळेपासून.

डॉ. मोतीरावण कंगाली हा माणूस नागपुरात रिझर्व्ह बँकेची नोकरी करत ह्या कथा, ही भाषा, तिचं व्याकरण जमवत राहिला. २०१५ मध्ये गेला. आपल्यातल्या किती जणांनी त्याचं एक पान वाचलं? मुन्शी मंगलसिंह मसराम ह्यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी बनवली, ते इथून शेजारच्या बालाघाटचे. २०११ च्या शिरगणतीत गोंडी बोलणारे २९ लाखांवर. तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. आणि आपण म्हणतो, ह्यांना भाषा नाही, बोली आहे. हे वाक्य आपल्याबद्दल कोण बोलत होतं, आठवा जरा.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. पैसा लोकांचा, शिक्षक लोकांनी आणलेले, आधार घटनेचा आणि पेसा कायद्याचा. २०२२ मध्ये शिक्षण खात्यानं तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. मान्यता नसलेली शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, चालूच ठेवली तर रोजचे दहा हजार, असं ह्याच शिक्षण हक्क कायद्यात आहे. घ्या! सरकारनं शाळा दिली तर पट नाही म्हणून बंद, लोकांनी काढली तर मान्यता नाही म्हणून बंद. आदिवासीच्या पोरानं शिकायचं कुठं?

मोहगावला निदान पेसा तरी होता. कचारगडाला तोही नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्राच्या यादीत गडचिरोली आहे, चंद्रपूर आहे, गोंदिया नाही. जिथं गोंडांचं मूळ ठाणं, तिथंच पाचवी अनुसूची नाही!

आता आपल्या लोकांशी भांडतो. त्यासाठीच लिहायला बसलो.

गोंदियाला एका बैठकीत मी हा विषय काढला. एक तरणा कार्यकर्ता म्हणाला, ''भाऊ, ती गोंडांची शाळा हाय. आपली चार घरं उरली तिथं. आपलं काय काम?'' दुसरा म्हणाला, आधी चौकातल्या कमानीचं पाहू. कमानीची वर्गणी जमली, तीन महिन्यांत. मीही दिली. कमानीला माझा विरोध नाही. पण ज्या माणसाचं नाव त्या कमानीवर आहे तो १९२८ मध्ये स्टार्ट समितीवर बसला होता, ती समिती अस्पृश्य आणि आदिवासी दोघांची होती. दोघांचं दुखणं एका कागदावर. १९५४ ला बाबासाहेब ह्याच भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होतं. आपल्या मुलखानं त्यांना पाडलं. ती उधारी बाकी आहे आणि ती कमानीनं फिटत नाही.

आणि मी कोण मोठा लागून गेलो? माझी मुलगी गोंदियात कान्व्हेंटात शिकली. बुटांना पालिश, गळ्यात टाय. टोल्यावरची आमची सात घरं चारवर आली, त्या तीनांत एक माझं. आपण नोकरीवाले गाव सोडताना पट घेऊन निघतो. मागं जी शाळा मरते तिच्या मर्तिकाला आपलाही खांदा आहे. जोडीदारानं कागद पुढं केला तेव्हा मला आधी ती कानाखालची आठवली. त्याला आठवत होती की नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

दुसरा एक धोका सांगतो, तो गोड असतो म्हणून जास्त वाईट. 'लोकसहभाग'. साहेब येतात, म्हणतात गावानं श्रमदान करावं, वर्गणी काढावी, भिंतीवर चित्रं काढावी. टोल्यावरच्या लोकांनी दोन पावसाळ्यांत बंद खोलीची कौलं शाकारली. मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी दिवसाची मजुरी बुडवून माती वाहिली. शहरातल्या शाळेला कुणी माती वाहायला सांगतं काय? फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनला सुनावलं होतं की सारा शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा मलिदा वरच्यांच्या ताटात पडतो. खालच्या शाळांना मास्तर शेतकऱ्यांतलेच घडवा, हेही मागितलं होतं. आज तीच मागणी अशी आहे : दोन गुरुजी, त्यातला एक गोंडी जाणणारा. लोकांनी श्रम द्यावे तर ते खुशीचे, सरकारची बाकी माफ करायला नव्हे.

मग करायचं काय? टोल्यावर बसून आम्ही काढलंय ते सांगतो.

कायद्याच्या कलम २२ नं व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा करायचा अधिकार दिलाय, आणि त्याच आराखड्यावर सरकारनं पुढचं अनुदान ठरवायचं आहे. बहुतेक शाळांत हा आराखडा गुरुजी एकटे भरतात, आईबापांचे अंगठे घेतात. समितीत पाऊण आईबाप आणि निम्म्या बाया असतात, त्यांना कुणी विचारत नाही. आम्ही तो बायांना वाचून दाखवला, मराठीत एकदा, गोंडीत एकदा. एका आजीनं विचारलं, ''पाचवी लिहिली काय जी ह्याच्यात?'' नव्हती लिहिली. लिहिली.

पाचवी म्हटली की खोली लागते. शाळेमागं पडीक जागा आहे, पण ती कागदावर झुडपी जंगल. झुडपी जंगल हे वनच, असं सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं. साहेबांना तेवढंच पाहिजे होतं, हात झटकून मोकळे. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३ (२) आहे. शाळेसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी पंच्याहत्तरच्या वर झाडं तुटायला नको, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. त्या कलमाच्या यादीत पहिलं नाव शाळेचंच आहे. हे वाचायला वकील लागत नाही. चार शिकलेली पोरं लागतात, जी आपल्याकडे चौकात उभी आहेत.

गुहेतली पोरं तेहतीस होती. आजच्या साहेबाच्या हिशेबानंही त्यांचा पट भरला असता, समायोजन झालं नसतं! आमचे सतरा आहेत. पाचवी आली तर आश्रमशाळेतून सहाजण परत आणतो असं त्यांच्या बापांनी ग्रामसभेत उठून सांगितलंय. सतरा आणि सहा तेवीस.

जागा मोजणं बाकी आहे. दिवाळीनंतर गवत वाळलं की मोजू. झाडंही मोजायची आहेत, त्याला माणसं लागतील. दरेकसापर्यंत रेल्वे आहे, पुढं मी घ्यायला येतो. पंधरा मीटरचा टेप माझ्याकडे आहे, पन्नासचा कुणाकडे असेल तर घेऊन या. आणि येताना पाण्याची बाटली आणू नका. टोल्यावर माठ आहे, ''येर'' म्हणून मागा, देतात.